हीटर नसलेल्या फिशटँकसाठी मासे निवडताना: आधी थर्मामीटर, मग मासे

पुण्यात जानेवारीच्या पहाटे हॉलमधल्या टाकीचं पाणी १८-१९ अंशांवर उतरतं. तीच टाकी, तेच मासे. मे महिन्यातल्या दुपारी थर्मामीटर ३० दाखवतो. हीटर नसलेल्या टाकीतल्या माशाला हे दोन्ही दिवस काढावे लागतात, आणि दुकानात मासा निवडताना यातला एकही दिवस आपल्यासमोर नसतो. समोर असतो तो दिव्याखाली चमकणारा, २६ अंशांच्या पाण्यात मजेत फिरणारा मासा.

'थंड पाण्याचे मासे' म्हणून ज्या याद्या फिरतात, त्या बहुतेक युरोपातल्या घरांच्या हिशेबाने केलेल्या असतात. तिथे प्रश्न थंडीचा असतो. आपल्याकडे थंडी जेमतेम दोन-अडीच महिने असते आणि जास्त मासे मरतात ते उन्हाळ्यात. त्यामुळे आपल्याला नुसता थंडीत तगणारा मासा पुरत नाही, चढ-उतार सोसणारा मासा लागतो. एवढं ध्यानात घेतलं तरी यादीतली निम्मी नावं गळून पडतात.

वर्षाचा तळ आणि माथा

पहिली खरेदी माशांची नाही, थर्मामीटरची. काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी घेऊ नका. ती काचेचं आणि खोलीचं तापमान मिसळून दाखवते आणि सहज एक-दोन अंश चुकते. पाण्यात बुडवायचा काचेचा थर्मामीटर चालेल. वायरीला सेन्सर असलेला आणि कमाल-किमान लक्षात ठेवणारा डिजिटल मिळाला तर सगळ्यात चांगला. सेन्सर टाकीच्या मधोमध, अर्ध्या खोलीवर ठेवा. दिव्याच्या अगदी खाली किंवा फिल्टरच्या तोंडाशी ठेवू नका.

टाकी पाण्याने भरा, फिल्टर चालू करा आणि मासे न आणता किमान आठवडाभर रोज दोनदा आकडा लिहून ठेवा: पहाटे सहाच्या सुमारास आणि दुपारी चारला. पहाटेचा आकडा आणि दुपारचा आकडा यांत दोन-तीन अंशांहून जास्त फरक दिसला तर आधी टाकीची जागा बदला. पश्चिमेची भिंत, खिडकीखालची जागा, फ्रिजच्या वरची जागा, एसीचा थेट झोत येणारा कोपरा या चारही जागा वाईट. रात्री एसी लावून सकाळी बंद होणारी बेडरूम तर दिसायला थंड, पण माशांसाठी सगळ्यात त्रासाची, कारण तिथे रोज चढ-उतार होतो.

तुम्हाला शेवटी हवे आहेत दोन आकडे: वर्षातला तळ आणि वर्षातला माथा. जानेवारीत मोजलंत तर तळ हातात आला. माथ्याचा अंदाज खोलीच्या मेमधल्या तापमानावरून करा: झाकण लावलेल्या आणि दिवा असलेल्या टाकीचं पाणी खोलीच्या दिवसभराच्या सरासरीपेक्षा साधारण एक-दोन अंश वर राहतं. उघड्या टाकीत बाष्पीभवनामुळे ते सरासरीएवढंच किंवा किंचित खालीही असतं.

ढोबळ चित्र असं. मुंबई, कोकण किनारा आणि गोव्यात पाणी बहुधा २३-२४ ते ३१ अंशांत फिरतं. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या पट्ट्यात १७-१८ ते ३०. विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्याचा बराच भाग यांत तळ १७ च्या आसपास आणि माथा ३२-३३, कूलर नसेल तर त्याहूनही वर. महाबळेश्वर-पाचगणीत तळ १५ च्याही खाली जाऊ शकतो, पण माथा सुखाचा. वरच्या मजल्यावर, थेट गच्चीच्या स्लॅबखाली घर असेल तर माथ्यात दोन अंश वाढवून धरा. तुमच्या घरात मोजलेला आकडा आणि इथला आकडा जुळला नाही तर तुमचाच खरा माना.

नियम सोपा आहे: दोन्ही आकडे माशाच्या सुखाच्या टप्प्यात बसले पाहिजेत. एखाद-दुसरा अंश चार-सहा दिवसांपुरता इकडेतिकडे गेला तर सुदृढ मासा सोसतो. महिनाभर बाहेर राहिला तर तो लगेच मरत नाही. आधी त्याची प्रतिकारशक्ती जाते, मग बुरशी किंवा पांढरे ठिपके येतात, आणि आपण पाण्याला नाहीतर खाण्याला दोष देत राहतो.

उन्हाळा का जड जातो

पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी माशाच्या शरीराचा वेग वाढतो, म्हणजे त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, तो जास्त खातो, जास्त घाण करतो. आणि ती घाण पचवणारे फिल्टरमधले जिवाणूही तोच ऑक्सिजन वापरतात. त्यात रात्री पाणवनस्पतीही ऑक्सिजन सोडायचा थांबवून घ्यायला लागतात. म्हणून मेमधले मृत्यू बहुधा पहाटे होतात. रात्री अकराला ठीक दिसलेली टाकी सकाळी सहाला पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत असते.

यातून निवडीसाठी एक उपयोगी गोष्ट निघते. गुरामी, पॅराडाइज फिश आणि त्यांच्या कुळातले मासे कल्ल्यांसोबतच डोक्यातल्या एका खास अवयवाने हवेतलाही श्वास घेतात. जिथे माथा ३२ च्या पुढे जातो तिथे या माशांना जास्त संधी असते.

टाकी केवढी

तापमानाचा धक्का शोषून घेतं ते पाण्याचं आकारमान. काचेच्या गोल भांड्यातलं पाच-सात लिटर पाणी खोलीबरोबर काही तासांत वर-खाली होतं. शंभर लिटर पाण्याला तेवढाच बदल व्हायला पुरी रात्र लागते. हीटर नाही म्हणजे टाकी मोठीच हवी.

लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागलं की लिटर मिळतात. आपल्याकडची नेहमीची 'दोन फुटी', म्हणजे २४ × १२ × १२ इंचाची टाकी, साधारण ५६ लिटरची. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता तीत खरं पाणी ४५ लिटर. हीटरशिवाय यापेक्षा लहान टाकी नको. ३६ × १५ × १८ इंचाची तीन फुटी घेतलीत तर १५० लिटरच्या वर जाता, आणि निवड एकदम खुली होते. भरलेल्या तीन फुटीचं वजन काच-रेतीसकट दोनशे किलोच्या आसपास भरतं, तेव्हा स्टँड लोखंडी किंवा कडाप्प्याचा घ्या. टाकी आणि फळी यांच्यामध्ये थर्मोकोलची शीट घालाच. तळाची काच वाचते आणि थंडीत खालून पाणी गार होत नाही.

कोणते मासे

झेब्रा डॅनिओ हा आपल्या हवेसाठी जवळपास आदर्श मासा. मूळचा भारतीय उपखंडातलाच, हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांबरोबर त्याचं वर्णन केलं. ओढे, भातखाचरांच्या कडेची पाणथळ, कालव्यांचे उथळ कोपरे या त्याच्या जागा. तिथे हिवाळा-उन्हाळा त्याला बघावाच लागतो. १८ ते २६ अंशांत तो उत्तम राहतो आणि हवा भरपूर असेल तर ३० पर्यंत काही आठवडे काढतो. लांबी चार-पाच सेंटिमीटर. किमान सहा, खरं तर आठ घ्या. दोनच ठेवलेत तर एक दुसऱ्याला दिवसभर पळवतो. टाकीवर झाकण हवं, कारण हा उडी मारतो. दुकानात मिळणारे गुलाबी, हिरवे चमकणारे डॅनिओ हे याच माशाचे जनुक बदललेले प्रकार. तापमानाची गरज तीच. लांब शेपटीचा प्रकार मात्र बार्बबरोबर ठेवू नका.

रोझी बार्ब हा दुसरा भक्कम पर्याय. हाही उपखंडातलाच, १८ ते २५ अंशांचा, पण पुण्या-नाशिकचा उन्हाळा हवेच्या पंपावर निभावतो. विणीच्या दिवसांत नर तांबडालाल होतो, मादी सोनेरी-हिरवट. दुकानातल्या लहानग्यांवरून त्याच्या वाढीचा अंदाज येत नाही: टाकीत तो सात-आठ सेंटिमीटर होतो. सहा जणांना अडीच-तीन फुटी हवी. मऊ पानांच्या वनस्पती तो कुरतडतो, म्हणून जावा फर्न किंवा अनुबियास लावा. जागा कमी असेल तर शेपटीजवळ एक आणि कल्ल्यामागे एक काळा ठिपका असलेला टिक्टो बार्ब बघा. तो लहान राहतो, महाराष्ट्राच्या नद्या-तळ्यांतही सापडतो, आणि दोन फुटीत सहाजण बसतात.

अंड्यांऐवजी थेट पिलं देणाऱ्या माशांमध्ये व्हेरिएटस प्लॅटी हे नाव विचारून घ्या. साध्या प्लॅटीसारखाच दिसतो, पण अंग जरा लांबट असतं आणि थंडी जास्त सोसतो, १६-१७ अंशांपर्यंत. साधी प्लॅटी आणि स्वोर्डटेल २० च्या खाली सुस्तावतात. तिघांनाही नर एक आणि माद्या दोन-तीन असं ठेवा, नाहीतर माद्यांचा पाठलाग थांबत नाही. महिन्या-दीड महिन्याला पिलं होतात. ती कुणाला देणार हे आधी ठरवा.

गप्पीबद्दल दोन गोष्टी. महापालिका डासांच्या अळ्यांसाठी विहिरी-टाक्यांत सोडतात ते साधे, आखूड शेपटीचे गप्पी आणि दुकानातले पंख्यासारख्या शेपटीचे गप्पी एकाच जातीचे, पण ताकदीत फार वेगळे. रंगासाठी पिढ्यानपिढ्या निवडून काढलेली जात २० च्या खाली पंख मिटून बसते. मुंबई-कोकणात दोन्ही चालतील, पुण्यात साधेच बरे. आणि 'गप्पी' म्हणून काही ठिकाणी गॅम्बुशिया हातात पडतो: करडा-हिरवट, रंगहीन, मादी चांगलीच मोठी. तो थंडी-उन्हाळा दोन्ही सोसतो खरा, पण बाकीच्यांच्या शेपट्या फाडतो. इतर माशांबरोबर त्याला जागा नाही.

पॅराडाइज फिश दक्षिण चीन आणि आसपासच्या भागातला. १८६९ मध्ये तो जिवंत पॅरिसला पोहोचला आणि युरोपात घरच्या टाकीत पाळल्या गेलेल्या सुरुवातीच्या परदेशी माशांपैकी एक ठरला. त्या काळी टाकी तापवण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. १६ ते २६ त्याचा सुखाचा टप्पा, पण हवेतून श्वास घेत असल्यामुळे त्यावरचे चार-पाच अंशही तो रेटतो. नागपूर, अमरावती, जळगावकडे हीटर नसलेल्या टाकीसाठी याहून समजूतदार निवड कठीण. अडचण स्वभावाची आहे: नर दुसऱ्या नराला जिवंत ठेवत नाही आणि लहान मासे गिळतो. दोन फुटीत एकटा नर, किंवा भरपूर झुडपं असतील तर एक जोडी. बस.

तळाला फिरणारा मासा हवा असेल तर पेपर्ड कॉरी. ब्राँझ कॉरी आणि पेपर्ड कॉरी शेजारी शेजारी विकतात; आपल्याला ठिपक्या-ठिपक्यांचा पेपर्ड हवा, कारण तो अर्जेंटिना-उरुग्वेकडचा, १८-२४ अंशांचा. माथा २८ च्या वर जाणार असेल तर तो घेऊ नका. पाच-सहाजण, बारीक रेती. धारदार खडीवर त्याच्या मिशा झिजतात आणि मग तो खाऊच शकत नाही.

व्हाइट क्लाउड मिनो नावाचा चार सेंटिमीटरचा देखणा मासा चीनमधल्या ग्वांगझूजवळच्या बाययुन डोंगरातला. १५ ते २२ अंशांत त्याची कळी खुलते. महाबळेश्वरच्या घरात, किंवा लंडन-टोरोंटोला सेंट्रल हीटिंगमुळे बारा महिने २० अंशांच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरात हा पहिला घ्यावा असा मासा. पुण्यातल्या हिवाळ्यात तो बहरतो आणि मेमध्ये खचतो. तेवढ्यासाठी आणू नका.

गोल्डफिश: थंडीचा प्रश्न नाही, जागेचा आहे

हीटरशिवाय म्हटलं की सगळे गोल्डफिशवर येतात. तापमानाच्या दृष्टीने थंडीत काहीच अडचण नाही; १० अंशांनाही तो जगतो. अडचण बाकी सगळ्यात आहे. चार सेंटिमीटरचा म्हणून आणलेला कॉमेट किंवा साधा गोल्डफिश २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दहा-पंधरा वर्षं जगू शकतो. तो बागेतल्या हौदाचा मासा आहे. घरात ठेवायचे तर गोल अंगाचे ओरांडा, रांचू वगैरे; पहिल्याला ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर. म्हणजे तीन फुटीत दोन, फार तर तीन.

तो खूप घाण करतो. टाकीचं पाणी तासाला सहा-आठ वेळा फिल्टरमधून फिरायला हवं आणि दर आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदलायला हवं. २८ अंशांच्या वर दोन एअर स्टोन (हवेच्या पंपाला जोडायचे, बुडबुडे सोडणारे दगड) लागतात. गोल अंगाच्या प्रकारात आतडं आणि पाण्यात तोल सांभाळणारी हवेची पिशवी आखडलेली असते, त्यामुळे कोरडे तरंगते दाणे गिळले की तो उलटा तरंगायला लागतो. दाणे पाच मिनिटं टाकीच्याच पाण्यात भिजवून द्या. आठवड्यातून एक दिवस उपास, एक दिवस साल काढून उकडलेला मटार.

गोल्डफिशबरोबर गप्पी, डॅनिओ, कॉरी ठेवू नका. लहान असतील ते गिळले जातात. कॉरीच्या पंखाचा काटा गोल्डफिशच्या घशात अडकून दोघेही मरतात.

जे घेऊ नयेत

डिस्कस, रॅम, फ्लॉवरहॉर्न, ॲरोवाना, कार्डिनल टेट्रा हे हीटरशिवाय पुण्या-नाशिकात नकोतच. डिस्कसला २८-३० अंश लागतात. ते आवडत असतील तर हीटर घ्या. एंजल आणि फायटर मुंबईत चालतात, पण २४ च्या खाली फायटर टाकीच्या तळाशी पडून राहतो आणि शेपटी कुजायला लागते. थंडीतला मोली ओळखायला सोपा आहे: पुढे न जाता जागच्या जागी अंग हलवत डुलत राहतो. पुष्कळांना तो नाचतोय असं वाटतं. तो गारठलेला असतो, आणि बहुधा पाणीही त्याच्यासाठी फार मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं.

'शार्क' म्हणून विकला जाणारा चंदेरी-काळा मासा प्रत्यक्षात पंगासच्या कुळातला. तो मीटरभर वाढतो. 'काच साफ करणारा' सकर ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि वर्षभरात काच साफ करायचंही सोडतो. हे दोन्ही कोणत्याच घरगुती टाकीचे मासे नाहीत.

सह्याद्रीतल्या माशांबद्दल थोडं सविस्तर. झेब्रा लोच म्हणून मिळणारा पट्ट्या-पट्ट्यांचा मासा पश्चिम घाटातल्या ओढ्यांतला आहे आणि तो धोक्यात आलेल्या प्रजातींत गणला जातो. केरळातला मिस केरला तसाच. दोन्ही थोड्या थंड, वाहत्या पाण्याचे. म्हणून हीटरशिवायच्या टाकीला साजेसे वाटतात. पण विकत घेताना मासा पैदाशीतला आहे की ओढ्यातून पकडलेला, हे विचारा आणि नीट उत्तर मिळालं नाही तर परत या. अभयारण्यातून, किंवा महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहातून मासा आणण्याचा विचारही नको. असे डोह गावांनी पिढ्यानपिढ्या राखले म्हणूनच तिथे मासे शिल्लक आहेत.

पाणी आणि फिल्टर तयार करणं

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला २५ अंशांना चार-सहा आठवडे लागतात. १८-१९ अंशांना बरेच जास्त. म्हणून नवीन टाकी डिसेंबरात सुरू करू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला करा. टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा, थेंबांच्या टेस्ट किटने मोजत राहा आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही सलग तीन दिवस शून्य आले की मासे आणा. ओळखीच्याच्या निरोगी टाकीतल्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ निम्म्यावर येतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घाला, किंवा बादलीत एअर पंप लावून २४ तास ठेवा. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टाकी भरायला वापरू नका: त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे काही आठवड्यांत पीएच घसरतो आणि जिवाणूही मंदावतात. बोअरचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर प्लॅटी, स्वोर्डटेल आणि गप्पींना ते उलट मानवतं. उन्हाळ्यात उडून गेलेलं पाणी भरून काढायला मात्र आरओचं पाणी योग्य, कारण क्षार टाकीतच मागे राहिलेले असतात.

दुकानात

शोभेच्या माशांचा मोठा भाग चेन्नईच्या कोलत्तूर परिसरातल्या पैदास केंद्रांतून आणि कोलकात्याकडून पिशव्यांतून येतो. चेन्नईच्या २७ अंशांत वाढलेला मासा जानेवारीत पुण्याच्या १९ अंशांत उतरला की आठवड्यात ठिपके दिसायला लागतात. म्हणून हीटर नसलेल्या टाकीत डिसेंबर-जानेवारीत नवा मासा नको, आणि एप्रिल-मेमध्येही नको. फेब्रुवारीचा शेवट ते मार्च, किंवा ऑगस्ट-सप्टेंबर. मासा दुकानात किमान आठवडाभर असलेला बघा, आणि दुकानातल्या टाकीला हीटर आहे का तेही बघा. तुमच्या पाण्यापेक्षा तिथलं पाणी पाच अंशांनी गरम असेल तर तो दिवस घेण्याचा नाही.

टाकीसमोर दोन मिनिटं नुसते उभे राहा. पंख ताठ उघडे आहेत का? कल्ले दोन्ही बाजूंनी सारखे, सावकाश हलतायत का? पोट आत ओढलेलं, पाठ धारदार दिसते का? अंगावर मिठाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका, डोळ्यावर पांढुरका पडदा, दगडाला अंग घासणं यातलं काही एकाही माशात दिसलं तर त्या टाकीतला कुठलाच मासा घेऊ नका. दुकानदाराला खाणं टाकायला सांगा. जो खायला येतो तोच घ्या.

घरी आणल्यावर पिशवी बंदच अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी अर्धा कप टाकीचं पाणी पिशवीत घाला, असं अर्धा-पाऊण तास. नंतर मासा जाळीने उचलून टाकीत सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. शक्य असेल तर पहिले दोन-तीन आठवडे २० लिटरच्या वेगळ्या टबमध्ये स्पंज फिल्टर लावून ठेवा. निम्मे आजार तिथेच समजतात.

काही जुळण्या

पुण्यासारख्या हवेत दोन फुटीत आठ झेब्रा डॅनिओ आणि तीन व्हेरिएटस प्लॅटी. तीन फुटीत सात रोझी बार्ब, आठ डॅनिओ, आणि माथा २८ च्या आत राहत असेल तर सहा पेपर्ड कॉरी. मुंबईत दोन फुटीत सहा गप्पी आणि एक हनी गुरामी. नागपूरकडे दोन फुटीत एकटा पॅराडाइज फिश, नाहीतर, पंखा लावून माथा ३० च्या आत ठेवता येत असेल तर, तीन फुटीत नुसते बारा झेब्रा डॅनिओ. तिथे गर्दी करू नका, कारण मेमध्ये ऑक्सिजन पुरत नाही. सगळे मासे एकदम आणू नका. आधी एक गट, तीन आठवड्यांनी दुसरा.

थंडीतली रात्र, उन्हातली दुपार

पाणी २० च्या खाली गेलं की खाणं निम्म्यावर आणा आणि तेही सकाळी अकरानंतर द्या. गार पाण्यात पचन मंदावतं, न खाल्लेलं सडतं. पाणी बदलताना नवं पाणी टाकीपेक्षा एका अंशाहून जास्त गार नको. एखाद्या रात्री थंडीची लाट आली तर टाकीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना थर्मोकोल लावा, वरून चादर घाला, पण पंपाला हवा मिळू द्या. गरम पाण्याने भरलेली बंद बाटली तरंगत ठेवता येते. टाकीत गरम पाणी ओतू नका.

उन्हाळ्यात झाकणाऐवजी जाळी ठेवा, दिवा पाच-सहा तासांवर आणा आणि छोटा क्लिपचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका रोखा. विदर्भाच्या कोरड्या हवेत याने पाणी तीन-चार अंशही उतरतं. कोकणात हवा दमट असल्याने एक-दोन अंशच. बर्फ वापरायचाच तर बंद बाटलीत, आणि दोन अंशांहून जास्त एका दमात उतरवू नका. रात्री पंप बंद करू नका. घरी इन्व्हर्टर असेल तर एअर पंप त्यावर घ्या. चार-पाच वॅटचं ते यंत्र लोडशेडिंगच्या रात्री सगळी टाकी वाचवतं.

पांढरे ठिपके आलेच तर ध्यानात ठेवा: ते एका परजीवीमुळे येतात. २५-२६ अंशांना त्या परजीवीचं चक्र आठवडाभरात पूर्ण होतं, १८ अंशांना त्याला दहा दिवस किंवा जास्त लागतात. औषधाचा परिणाम होतो तो परजीवी माशावरून सुटून पाण्यात मोकळा फिरत असतानाच. म्हणून हिवाळ्यात ठिपके दिसेनासे झाले की औषध थांबवण्याची चूक सगळ्यात महाग पडते. डॅनिओ, प्लॅटी, गोल्डफिशसाठी लिटरला दोन ग्रॅम जाडं मीठ, विरघळवून, तीन हिश्श्यांत दिवसभरात. कॉरी असतील तर एक ग्रॅमच्या वर नको. थंड पाण्यात हे पूर्ण तीन आठवडे चालू ठेवा आणि पाणी बदलाल तेवढ्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा घाला.

एखादा मासा टाकीला जड झाला, भांडखोर निघाला किंवा पिलं वाढली, तर दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. नदीत, तलावात, विहिरीत, गणपतीच्या हौदात सोडू नका. टाकीतून सुटलेला सकर आज देशातल्या कितीतरी जलाशयांत मच्छीमारांच्या जाळ्या फाडतोय, आणि गप्पी-गॅम्बुशियाने ओढ्यातल्या लहान माशांच्या अंडी-पिलांवर ताव मारला आहे.